बोनस, टीडीएस आणि १२ लाख ७५ हजारांच्या पुढचा खड्डा

दिवाळीचा बोनस ऑक्टोबरात खात्यात पडतो आणि त्याच्या टॅक्सवरची कुरकुर मार्चपर्यंत चालते. मी बडोद्यातल्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत पेरोल, म्हणजे पगाराचे हिशोब, बघते त्यामुळे ही कुरकुर थेट माझ्याच टेबलावर येते. लाभपंचमीला ऑफिस उघडलं की लोक साल मुबारक म्हणता म्हणताच मोबाईलवर पेस्लिप उघडून समोर धरतात, "बेन, मारा तो त्रीस टका कापी लीधा!" (ताई, माझे तर तीस टक्के कापले!) आणि जानेवारीत गुंतवणुकीची प्रूफं मागवायला घेतली की तीच मंडळी परत हजर. दर वर्षी तेच तेच तोंडी सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकते, निदान बडोद्यातल्या आपल्या मराठी मंडळींना तरी लिंक पाठवता येईल.

तर पहिली गोष्ट म्हणजे बोनसवर वेगळा असा टॅक्सच नसतो. "बोनसचा रेट" नावाची गोष्ट आपल्याकडे नाहीच. लॉटरी लागली तर सरसकट ३० टक्के, तसं बोनसचं नाही. दिवाळी बोनस असो, परफॉर्मन्स बोनस असो, कुठे नव्याने लागताना मिळालेला जॉइनिंग बोनस असो, की साहेबांनी खूश होऊन दिलेलं काही असो, सगळं पगारातच धरलं जातं. वर्षभराचा पगार अधिक बोनस, त्यातून स्टँडर्ड डिडक्शन (पगारदाराला सरसकट मिळणारी वजावट) वजा, उरलेल्या रकमेवर स्लॅबप्रमाणे टॅक्स, त्या टॅक्सवर ४ टक्के सेस म्हणजे अधिभार, संपलं. बोनसवरचा टॅक्स काढायचा असेल तर हिशोब दोनदा करायचा, एकदा बोनस न धरता आणि एकदा धरून, दोघातला फरक म्हणजे बोनसवरचा टॅक्स. यापेक्षा दुसरी कुठली ट्रिक नाही, आणि इंटरनेटवरचे ते कॅल्क्युलेटरही आतून हेच करतात.

मी इथे सगळे आकडे २०२५-२६ या आर्थिक वर्षाचे आणि नव्या रिजीमचे (टॅक्स मोजायच्या जुन्या आणि नव्या अशा दोन पद्धती आहेत, त्यातल्या नव्या) घेतेय, कारण आमच्याकडे बहुतेक सगळे आता त्यातच आहेत. ४ लाखांपर्यंत काही नाही, ४ ते ८ लाख ५ टक्के, ८ ते १२ लाख १० टक्के, १२ ते १६ लाख १५ टक्के, १६ ते २० लाख २० टक्के, २० ते २४ लाख २५ टक्के आणि त्याच्या वर ३० टक्के. स्टँडर्ड डिडक्शन ७५ हजार.

आता ते "त्रीस टका" कुठून येतं ते बघू. आमच्याकडे एक सिनियर इंजिनियर आहेत, वर्षाचा पगार समजा १८ लाख, बोनस २ लाख. बोनस नसता तर १८ लाखातून ७५ हजार गेले, राहिले १७ लाख २५ हजार, त्यावर टॅक्स १ लाख ४५ हजार आणि सेस धरून १ लाख ५० हजार ८००. म्हणजे महिन्याला साधारण साडेबारा हजार कापले जातात आणि त्याची सवय झालेली असते. आता बोनस आला, करपात्र रक्कम झाली १९ लाख २५ हजार, टॅक्स १ लाख ८५ हजार, सेससकट १ लाख ९२ हजार ४००. फरक ४१ हजार ६००. दोन लाखाच्या बोनसवर ४१ हजार ६०० म्हणजे २०.८ टक्के, २० टक्क्याचा स्लॅब आणि त्यावरचा सेस, अगदी बरोबर. पण पेस्लिपवर काय दिसतं? नेहमीचे साडेबारा हजार अधिक हे ४१ हजार ६००, म्हणजे एकाच महिन्यात ५४ हजारांच्या वर टीडीएस (कंपनीने पगारातूनच कापून सरकारला भरायचा टॅक्स). माणूस तो ५४ हजारांचा आकडा बघतो, २ लाखाने भागतो, २७ टक्के येतात, आणि जेवणाच्या टेबलावर पोचेपर्यंत त्याचे ३० झालेले असतात.

१९६१ च्या आयकर कायद्यात, म्हणजे कलम १९२ मध्ये, कंपनीने वर्षाच्या अंदाजे उत्पन्नावर सरासरी दराने टीडीएस कापायचा असं आहे, आणि आधी कमी-जास्त कापला गेला असेल तर पुढच्या महिन्यांत ॲडजस्ट करायची मुभाही आहे. त्यामुळे काही कंपन्या बोनसचा सगळा टॅक्स त्याच महिन्यात घेतात, काही ऑक्टोबर ते मार्च सहा महिन्यांत वाटतात. वरच्या उदाहरणात वाटून घेतला तर महिन्याला ६ हजार ९३३ जास्त कापले जातील. एकूण तेवढेच. मला स्वतःला एकदम कापलेला बरा वाटतो, कारण सहा महिन्यांत वाटला की लोक बोनस दिवाळीतच खर्च करून बसतात आणि मग डिसेंबरात विचारतात की पगार कमी का आला. शिवाय मधेच कोणी राजीनामा दिला तर उरलेला सगळा टॅक्स शेवटच्या हिशोबातून काढावा लागतो, तेव्हा जी तोंडं होतात ती बघवत नाहीत.

दुसरी एक समजूत इतकी खोलवर बसलेली आहे की शिकलेली माणसंही बोलून जातात. "बोनसमुळे मी वरच्या स्लॅबमध्ये गेलो, आता सगळ्या पगारावर तो टॅक्स." अहो नाही. वरच्या स्लॅबचा रेट फक्त त्या रेषेच्या वरच्या रकमेला लागतो, खालचं जसं होतं तसंच राहतं. पगार वाढला म्हणून हातात येणारे पैसे कमी झाले असं स्लॅबमुळे कधी होत नाही.

मात्र एका जागी ते खरंच होतं. हा सगळा लेख मुळात त्यासाठी लिहायला घेतलाय.

माझा भाचा कारेलीबागेत राहतो, नोकरी एका खासगी कंपनीत, महिन्याला बरोब्बर १ लाख. वर्षाचे १२ लाख, त्यातून ७५ हजार गेले की ११ लाख २५ हजार. नव्या रिजीममध्ये करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर कलम ८७अ ची ६० हजारांपर्यंतची सूट मिळते आणि टॅक्स शून्य होतो, त्यामुळे एप्रिल ते सप्टेंबर त्याचा एक रुपया टीडीएस कापला गेला नव्हता आणि स्वारी निवांत होती. दिवाळीला ९० हजार बोनस जाहीर झाला, हातात आले ७४ हजार ४००. कापले १५ हजार ६००. त्याने मला व्हॉट्सॲपवर विचारलं, मावशी, ९० हजारावर १५ हजार ६०० म्हणजे १७.३३ टक्के, हा कुठला स्लॅब? पोरगा हुशार आहे, प्रश्न बरोबर विचारला. असा स्लॅब नाहीचे.

हिशोब असा. १२ लाख ९० हजारातून ७५ हजार वजा, १२ लाख १५ हजार. म्हणजे १२ लाखांची रेषा १५ हजारांनी ओलांडली. स्लॅबने टॅक्स येतो २० हजार अधिक ४० हजार अधिक वरच्या १५ हजारांचे १५ टक्के म्हणजे २ हजार २५०, एकूण ६२ हजार २५०. आणि रेषा ओलांडली की ८७अ ची सूट सगळी जाते. आता १५ हजार जास्त मिळाले म्हणून ६२ हजार टॅक्स द्या म्हणणं अगदीच अन्याय झाला असता, म्हणून कायद्यात मार्जिनल रिलीफ ठेवलाय. टॅक्स हा रेषेच्या वर गेलेल्या रकमेपेक्षा जास्त घ्यायचा नाही. वर किती गेला? १५ हजार. मग टॅक्स १५ हजार. वा, छान. पण थांबा, त्याच्यावर ४ टक्के सेस आहेच, तो रिलीफ दिल्यानंतर लागतो, ६०० रुपये. झाले १५ हजार ६००.

नीट बघा काय झालं ते. बोनस ७५ हजार असता तर करपात्र बरोबर १२ लाख, टॅक्स शून्य, हातात ७५ हजार. बोनस ९० हजार झाला तर हातात ७४ हजार ४००. पंधरा हजार जास्त मिळवून पठ्ठ्या ६०० रुपयांनी मागे. त्याच्या बाजूच्या टेबलावरच्या मुलाला रेटिंग कमी मिळालं, बोनस ७५ हजार मिळाला, आणि त्याच्या घरी पैसे जास्त गेले. हे भाच्याला सांगितल्यावर पाच मिनिटं नुसता टायपिंग दिसत होता, मेसेज काही आला नाही.

हा खड्डा आहे बरं का, आणि चांगला लांब आहे. भाच्याचाच पगार धरून पुढे जाऊ. बोनस १ लाख असता तर करपात्र १२ लाख २५ हजार, टॅक्स २५ हजार, सेस १ हजार, हातात ७४ हजार. बोनस १ लाख ४५ हजार असता तर करपात्र १२ लाख ७० हजार, टॅक्स ७० हजार, सेस २ हजार ८००, हातात ७२ हजार २००. म्हणजे बोनस वाढतोय आणि हातातले कमी होतायत. करपात्र १२ लाख ७० हजार ५८८ च्या आसपास हा रिलीफ संपतो, तिथून नेहमीचा १५ टक्के अधिक सेस सुरू होतो आणि माणूस हळूहळू वर यायला लागतो. १२ लाख ७५ हजार एकूण पगारवाल्याच्या हातात जेवढे येतात तेवढेच परत हातात यायला एकूण पगार १३ लाख ४८ हजार ९०० च्या वर जावा लागतो. मधल्या जवळजवळ ७४ हजारांच्या पट्ट्यात जे काय जास्त मिळतं ते सगळं सरकारजमा. बोनस १ लाख ६० हजार असता तर मात्र हातात ८४ हजार ३४० आले असते, तिथे काही रडायचं कारण नाही.

म्हणजे ज्यांचा पगार ११ ते साडेतेरा लाखांच्या मधे कुठेतरी आहे त्यांनी बोनसचं पत्र हातात आल्या आल्या कागद-पेन घेऊन बसावं. बाकीच्यांनी वर दिलेला साधा फरकाचा हिशोब करावा आणि दिवाळीचा फराळ खावा.

भाच्याचा पुढचा प्रश्न साहजिक होता की मग वरचे १५ हजार मला नकोत असं कंपनीला लिहून देऊ का. देऊन उपयोग नाही. पगार हा देय झाला किंवा मिळाला यातलं जे आधी होईल तेव्हा करपात्र होतो, एकदा तुमचा हक्क तयार झाला की नंतर नको म्हटलं तरी तो तुमचाच धरतात. (केंद्र सरकारला परत दिलात तर टॅक्स लागत नाही, त्यासाठी १९६१ सालचा एक वेगळा कायदाच आहे, पण १५ हजार वाचवायला १५ हजार सरकारला देण्यात काय हशील ते मला कळलेलं नाही.) बोनस एप्रिलमध्ये द्या असं सांगायलाही काही जण येतात. कंपनीने मुळात एप्रिलमध्येच जाहीर केला आणि दिला तर तो पुढच्या वर्षात जातो, ते ठीक. पण जाहीर झालेला, देय झालेला बोनस तुमच्या सोयीने पुढे ढकलला तर तो त्याच वर्षाचा राहतो.

नव्या रिजीममध्ये पीपीएफ-एलआयसीसारख्या गुंतवणुकीची ८०सी ची सूट नाही, मेडिक्लेमचं ८०डी नाही, स्वतः एनपीएसमध्ये (नॅशनल पेन्शन सिस्टीम) टाकलेल्या ५० हजारांची सूटही नाही. सेव्हिंग खात्याच्या व्याजाची १० हजारांची सूटसुद्धा नाही. मग राहतं काय? एक गोष्ट राहते, कंपनीने तुमच्या एनपीएस खात्यात भरलेली रक्कम. बेसिक (मूळ पगार) आणि डीए (महागाई भत्ता) यांच्या १४ टक्क्यांपर्यंत ती वजा मिळते. भाच्याचं बेसिक महिना ५० हजार, वर्षाचे ६ लाख, १४ टक्के म्हणजे ८४ हजारांपर्यंत जागा आहे आणि त्याला हवेत फक्त १५ हजार. त्याच्या कंपनीत ही सोय आहे, स्पेशल अलाउन्समधून तेवढे कमी करून फेब्रुवारी आणि मार्चमध्ये साडेसात-साडेसात हजार कंपनीने त्याच्या एनपीएसला भरले की करपात्र रक्कम परत १२ लाखांवर येते आणि टॅक्स शून्य. ऑक्टोबरात कापलेले १५ हजार ६०० मात्र लगेच मिळत नाहीत, पुढे कापायला टीडीएसच नाही तर ॲडजस्ट कशात करणार, ते रिटर्न भरल्यावर रिफंड म्हणून येतात.

तर हा मला म्हणतो, मावशी, सहाशे रुपयांसाठी कोण एवढे फॉर्म भरेल. अरे सहाशे नाही रे, पंधरा हजार सहाशे. आज ते सरकारकडे आहेत, एनपीएस केलंस तर १५ हजार तुझ्या नावावर राहतात आणि शिवाय रिफंड. एनपीएसचे पैसे साठीपर्यंत अडकतात हे खरं आहे, पण टॅक्समध्ये गेलेले साठीनंतरही मिळत नाहीत.

आणि याच्यात एक बारकी गोम आहे जी पेरोलला दिसत नाही. व्याज. याच्या आईने, म्हणजे माझ्या बहिणीने, याच्या नावावर एफडी करून ठेवलीय, वर्षाला ६ हजार व्याज. कंपनीला सांगितलेलं नाही त्यामुळे कंपनीच्या हिशोबात ते नाहीच. पण १२ लाखांच्या रेषेवर उभ्या माणसाला ते ६ हजार म्हणजे आणखी ६ हजार २४० टॅक्स. म्हणून १५ नाही, २१ हजार एनपीएसला टाक म्हटलं, त्यात सेव्हिंगचं व्याजही मोजून घे. शेअर्स विकून अल्पमुदतीचा नफा झाला असेल तर त्याच्या खास दराच्या टॅक्सला ही ८७अ ची सूट लागूच होत नाही, तो टॅक्स वेगळा भरायचा, १२ लाखांच्या आत असलात तरी. आमच्या ऑफिसात तिशीच्या आतल्या प्रत्येकाच्या मोबाईलवर ट्रेडिंगचं ॲप आहे, त्यामुळे हे वाक्य ठळक समजा.

आता वरच्या पगारांचं एवढं झालं, पण खरा "बोनस" ज्यांच्यासाठी कायद्यात आहे त्यांच्याबद्दल दोन शब्द. शॉप फ्लोअरवरची मुलं विचारतात की ताई आमचा पण टॅक्स कापणार का. १९६५ च्या बोनस कायद्यात महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेल्यांना बोनस द्यावाच लागायचा, कमीत कमी ८.३३ टक्के आणि जास्तीत जास्त २० टक्के. हा ८.३३ चा चमत्कारिक आकडा म्हणजे शंभर भागिले बारा, एका महिन्याचा पगार. मोजताना मात्र पूर्ण पगार धरत नाहीत, ७ हजार किंवा किमान वेतन यातलं जे जास्त असेल तेवढ्यावरच मोजायचं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या लेबर कोडमध्ये (कामगार संहितेत) हा कायदा विलीन झालाय, टक्के तेच ८.३३ आणि २० राहिलेत. १८-२० हजार पगार आणि वर बोनस असं सगळं मिळून वर्षाला अडीच-पावणेतीन लाख होतात, टॅक्सचा प्रश्नच येत नाही. बोनसवर पीएफ पण कापत नाहीत. प्रोफेशनल टॅक्स गुजरातेत महिना २०० रुपये आहे, बोनसच्या महिन्यात तो दुप्पट होत नाही, कोणी कापला असेल तर जाऊन विचारा.

७ हजारांच्या मर्यादेवरून आठवलं, आमच्या शेजारी प्रतापनगरला रेल्वेत असलेले काका आहेत. रेल्वेचा बोनस ७८ दिवसांचा, दर वर्षी टीव्हीवर बातमी येते आणि त्यांचा जावई आनंदाच्या सुरात फोन करतो, अडीच महिन्यांचा पगार मिळाला म्हणून. काकांच्या हातात १७ हजार ९५१. कारण तिथेही महिना ७ हजारच धरतात, ७ हजार गुणिले १२, भागिले ३६५, गुणिले ७८, करून बघा, बरोबर १७ हजार ९५१ येतात. काका म्हणतात, बातमीत ७८ दिवस सांगतात तसा हा गुणाकार पण सांगा की. आणि हो, तोही पगारातच धरून करपात्र.

भेटवस्तूंचं थोडक्यात सांगते, तेही २०२५-२६ पुरतंच. कंपनीने वर्षभरात मिळून ५ हजारांच्या आतलं व्हाउचर किंवा वस्तू दिली, मिठाई, भाकरवडीचं पाकीट, चांदीचं नाणं, तर त्यावर टॅक्स नाही. पाकिटात रोख दिले तर ५०० रुपये असले तरी पगार. यंदा आमच्याकडे कोणीतरी सुचवलं की अख्खा बोनसच व्हाउचरमध्ये द्या. मी फक्त बघितलं त्यांच्याकडे.

वर्षाच्या मधे नोकरी बदललेल्यांचा घोळ मात्र मोठा असतो आणि तो जुलैत रिटर्न भरताना फुटतो. एकाचं उदाहरण देते, आकडे सोपे करून. एप्रिल ते जुलै जुन्या कंपनीत महिना १ लाख, ४ लाख झाले. ऑगस्टपासून नवीन कंपनीत १ लाख २० हजार, आठ महिन्यांचे ९ लाख ६० हजार, वर १ लाख जॉइनिंग बोनस. जुनी कंपनी म्हणते वर्षाचे १२ लाखच होणार, टॅक्स नाही. नवीन म्हणते आमच्याकडे १० लाख ६० हजारच, टॅक्स नाही. दोघांनीही ७५ हजार वजा दिले, दोघांनीही सूट दिली. प्रत्यक्षात १४ लाख ६० हजार, करपात्र १३ लाख ८५ हजार, टॅक्स सेससकट ९१ हजार २६०. आणि कापलेला टीडीएस शून्य! वर व्याज वेगळं. त्यामुळे नव्या ठिकाणी लागलात की फॉर्म १२बी भरून आधीचा पगार आणि टीडीएस सांगा, हातात कमी आले तरी चालेल. कोणाचं राहिलं असेल तर त्याच वर्षाच्या १५ मार्चच्या आत ॲडव्हान्स टॅक्स भरला तर व्याज बरंच वाचतं.

जुन्या रिजीमवाले थोडेच उरलेत आमच्याकडे, बहुतेक घराचं मोठं कर्ज आणि एचआरए (घरभाडे भत्ता) वाले. त्यांना बोनस जास्त बोचतो कारण तिथे ५ लाखांच्या वर एकदम २० टक्के आणि १० लाखांच्या वर ३०. समजा सगळं वजा करून ९ लाख २० हजार करपात्र आहे आणि १ लाख २० हजार बोनस आला, तर ८० हजारांचे २० टक्के १६ हजार, उरलेल्या ४० हजारांचे ३० टक्के १२ हजार, सेससकट २९ हजार १२०. मोठा बोनस आलेल्या वर्षी एकदा दोन्ही रिजीमने हिशोब करून बघा. कंपनीला एप्रिलमध्ये जे सांगितलं तेच शेवटपर्यंत धरावं लागतं असं सगळ्यांना वाटतं, ते फक्त टीडीएसपुरतं. नुसत्या पगारदाराला रिटर्न भरताना रिजीम बदलता येते, जुन्यात जायचं असेल तर रिटर्न वेळेत भरायला हवं एवढंच.

१ एप्रिल २०२६ पासून १९६१ चा कायदा जाऊन २०२५ चा नवा आयकर कायदा आलाय, प्रीव्हियस इयर (कमाईचं वर्ष) आणि असेसमेंट इयर (टॅक्स आकारणीचं वर्ष) यांच्याऐवजी नुसतं टॅक्स इयर म्हणायचं, आणि मी वर दिलेले सगळे कलमांचे नंबर बदललेत. २०२५ च्या दिवाळीचा बोनस मात्र जुन्याच कायद्यात, २०२६ च्या जुलैतलं रिटर्नही त्याचंच.

आणि कृपा करून ऑक्टोबरात कापलेला टीडीएस २६एएस मध्ये (आपल्या नावावर जमा झालेला टॅक्स दाखवणारं आयकर खात्याचं स्टेटमेंट) दिसत नाही म्हणून नोव्हेंबरातच घाबरून येऊ नका. कंपनी पैसे पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरते, पण कोणाच्या पॅनवर किती हे तिमाहीच्या स्टेटमेंटमध्ये जातं आणि ऑक्टोबर-डिसेंबरच्या तिमाहीची मुदत ३१ जानेवारी असते. फेब्रुवारीच्या मध्यावर उघडून बघा. तेव्हाही दिसलं नाही तर खुशाल पेरोलवाल्यांच्या मागे लागा, फक्त आमच्याकडे असाल तर जेवणाच्या सुट्टीनंतर या.